घरं पाच, मालक कोण?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे, वर्षाला नऊ लाखांच्या आसपास सुटतात. संसारात हळूहळू जमवलं ते असं: पर्वरीला दोन फ्लॅट, दोन्ही नोकरदारांना राहायला दिलेत, प्रत्येकी २५ हजार भाडं, एकावर अजून कर्ज आहे. म्हापशाला एक गाळा, २० हजार. मांद्रेला छोटं घर, ते पर्यटकांना देतो. त्याचं बुकिंगपासून चादरींपर्यंत सगळं मीच बघते. वर्षाला १४ लाख जमतात, खर्च जाऊन आठ उरतात. शिवाय सासऱ्यांच्या वेळच्या घराचा मागचा भाग ८ हजारांनी दिलाय. कागद सगळे मिस्टरांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर. मी मूळची सावंतवाडीची, पण लग्न गोव्यात झालं, नोंदणीच्या सह्या फोंड्यातच. लग्नाआधी कसला करार वगैरे नाही. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा दोह्याला, अविवाहित.

आता प्रत्येक जण वेगळं सांगतो. अमेरिकेतला भाचा म्हणतो, दर घराची वेगळी एलएलसी, म्हणजे तिकडची मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढा. पणजीतला एक एजंट म्हणतो, प्रायव्हेट लिमिटेड करा, कर वाचेल. माझा भाऊ म्हणतो, एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. मिस्टरांच्या मित्राची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आहे म्हणून त्यांना ती बरी वाटते. त्यात मोपा विमानतळामुळे दोडामार्गला एक जागा घ्यायचं चाललंय. ती कोणाच्या नावावर घ्यावी?

— एक वाचक, फोंडा

उत्तर

ताई, चौघांनी चार उत्तरं दिली, पण सह्या कुठे झाल्या हे त्यातल्या कोणीच विचारलं नाही. तुम्ही ते आपणहून लिहिलंत, वर करार नाही हेही लिहिलंत. तुमच्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर त्या दोन वाक्यांतच आहे.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतरही कुटुंब आणि मालमत्तेपुरती ती चालू राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे आणि तो २०१६ च्या अखेरीस अंमलात आला. या कायद्याखाली लग्न झालं आणि आधी वेगळा करार केलेला नसला, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. कमावलेली, विकत घेतलेली, वारशाने आलेली, सगळी. त्यामुळे विक्रीखतावर नाव मिस्टरांचं असलं, तरी पर्वरीचे फ्लॅट, गाळा आणि मांद्रेचं घर यांत अर्धा हिस्सा आजही तुमचाच आहे. तुमच्या सहीशिवाय त्यांना यातलं काही विकता येणार नाही. म्हणजे या घरांना मालकीचं एक कायदेशीर रूप आधीच आहे, आणि ते तुमच्या लग्नाच्या दिवशी तयार झालं. आता त्याहून चांगलं काही मिळतं का, एवढंच बघायचं आहे.

आयकर खात्यालाही हे मान्य आहे. आयकर कायद्याचं कलम ५ए खास आपल्यासारख्यांसाठीच आहे. गोवा, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या, या नागरी कायद्याखाली येणाऱ्या जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं सगळं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं आणि दोघांनी आपापलं रिटर्न भरायचं. भाडं, धंद्याचा नफा, व्याज, घर विकल्याचा नफा, सगळं यात येतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण ही वाटणी राहिली. आणखी एक, ही वाटणी ऐच्छिक नाही. यंदा करू, पुढच्या वर्षी बघू, असं चालत नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. दोन फ्लॅट, गाळा आणि जुन्या घराचा भाग मिळून महिन्याला ७८ हजार, वर्षाला ९ लाख ३६ हजार. घरपट्टी साधारण १६ हजार धरली तर राहिले ९ लाख २० हजार. घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती वगैरेसाठी सरळ ३० टक्के वजावट मिळते, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. ती गेली की ६ लाख ४४ हजार. फ्लॅटच्या कर्जाचं व्याज तुम्ही लिहिलेलं नाही. मी हिशेब सोपा व्हावा म्हणून १ लाख ४४ हजार धरतो. उरले ५ लाख. मांद्रेचे ८ आणि दुकानाचे ९ धरून एकूण २२ लाख.

हे सगळं एकट्या मिस्टरांच्या रिटर्नमध्ये दाखवलं, तर २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी उपकरासकट २ लाख ६० हजार कर होतो. ५ए प्रमाणे वाटलं तर दोघांचे ११-११ लाख होतात. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट आहे, म्हणजे कर शून्य. मी काही चलाखी केलेली नाही, कायद्याने जे करायलाच हवं तेवढंच केलं.

तुम्ही स्वतः रिटर्न भरता का, हे पत्रात नाही. भरत नसाल, तर कोणत्याही कंपनीच्या आधी ते काम करा. दोघांच्या रिटर्नमध्ये ५ए चं परिशिष्ट भरावं लागतं, त्यात एकमेकांचा पॅन द्यावा लागतो, आणि ते असलेलाच फॉर्म घ्यावा लागतो. तुमच्याकडे धंद्याचं उत्पन्न आहे, तेव्हा फॉर्म ३. भाडेकरूने किंवा बुकिंगच्या ॲपने कापलेला टीडीएसही दोघांत वाटून मागता येतो. गोव्याबाहेरच्या सीएकडून रिटर्न भरून घेणाऱ्यांचं हे हमखास सुटतं, कारण त्यांना हे परिशिष्ट कधी उघडावंच लागत नाही.

आता एजंटांचं बघू. खासगी कंपनीला सवलतीचा दर घेतला तरी अधिभारांसकट २५.१७ टक्के कर पहिल्या रुपयापासून लागतो. तिला चार लाखांची सूट नाही, बारा लाखांचा रिबेट नाही. भाड्याचे आणि मांद्रेचे मिळून १३ लाख कंपनीत नेले, तर ३ लाख २७ हजार कर. त्यातून उरलेले पैसे घरी आणायचे तर लाभांश म्हणून, आणि तो २०२० पासून घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. एजंट म्हणतील, तुम्हाला संचालक म्हणून पगार दाखवू. मांद्रेच्या नफ्यातून दाखवता येईल, कारण तिथे सेवा देऊन चालवलेला धंदा आहे. पण राहायला दिलेल्या घरांच्या भाड्यातून पगार वजा होत नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पाने स्पष्टच केलं की मालकाने राहण्यासाठी दिलेल्या घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवता येणार नाही, ते घरभाड्याच्या सदरातच जाईल. त्याआधी कंपनी काढून घरभाड्यावर घसारा, पगार, गाडीचं पेट्रोल लावायची जी फॅशन होती, ती तिथे संपली. भाड्यावर देणं हाच मुख्य उद्देश असलेल्या कंपनीचं भाडं धंद्याचं उत्पन्न धरता येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा चेन्नई प्रॉपर्टीजचा निकाल एजंट लोक अजून दाखवतात. तो गाळ्याला उपयोगी पडला तर पडेल, फ्लॅटना नाही.

शिवाय कंपनी म्हटली की उलाढाल कितीही असो, ऑडिट आलं. दरवर्षी पणजीत पाटोवरच्या कंपनी निबंधकांकडे विवरणं, सभेची इतिवृत्तं, आणि ठरावीक काळाने संचालकांचं केवायसी. विसरलात तर दिवसाच्या हिशेबाने दंड. पाच भाड्यांसाठी एवढं?

एलएलपीचं थोडं बरं, पण थोडंच. नफा भागीदारांच्या हातात आला की त्यावर परत कर नाही, हे खरं. पण एलएलपी स्वतः सरसकट ३० टक्के भरते, उपकर धरून ३१.२. तुमच्या १३ लाखांवर ४ लाख ६ हजार. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिट नाही, पण मे आणि ऑक्टोबरची विवरणं चुकत नाहीत. आणि तुमच्याकडची घरं भांडवल म्हणून घातली, तर भांडवल २५ लाखांच्या आत कसं राहणार? मिस्टरांच्या मित्राचं उत्पन्न कदाचित आधीच तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, त्याला फरक पडत नसेल. तुम्हाला पडतो.

भाच्याचं मात्र चूक नाही, तो त्याच्या देशाचं सांगतोय. अमेरिकेत एलएलसीवर स्वतंत्र आयकर सहसा बसत नाही, उत्पन्न सरळ मालकाच्या रिटर्नमध्ये जातं, आणि भाडेकरू जिन्यावरून घसरला तरी कोर्टात जातो. म्हणून तिथे घरागणिक एलएलसी काढतात. आपल्याकडे एलएलसी हा प्रकारच नाही. नावातल्या दोन अक्षरांच्या साम्यामुळे लोक एलएलपीला तिची बहीण समजतात, पण कराच्या बाबतीत दोघींचं काही नातं नाही.

आणि एचयूएफ. तुमचे भाऊ सावंतवाडीचे, त्यांना ती असू शकते. गोव्याच्या नागरी कायद्याखालच्या हिंदूंना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू नाही, आणि त्या एकत्र कुटुंबाच्या नावाने पॅन काढून उत्पन्न तिकडे वळवायची सोयही नाही. हा विषय इथेच संपला.

समजा हे सगळं ऐकूनही कंपनी काढायची ठरली, तर घरं तिच्या नावावर जाणार कशी? आपोआप नाही. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. तिला घर देणं म्हणजे विकणं. मुद्रांक शुल्क भरा, नोंदणी शुल्क भरा, आणि घेतलेल्या किमतीपेक्षा आजची सरकारी किंमत जितकी जास्त, तितक्या नफ्यावर भांडवली कर भरा. पैसे कोणाच्याही हातात आलेले नसतात, तरी. एलएलपीत भांडवल म्हणून घातलं तरी हस्तांतरण ते हस्तांतरणच. शिवाय २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर महागाईची वाढ धरून २० टक्के की ती न धरता साडेबारा टक्के, हा पर्याय फक्त माणसांना आणि एचयूएफना आहे. एक घर विकून दुसऱ्यात पैसे घालण्याची सूटही त्यांनाच. कंपनीत गेलेल्या फ्लॅटला हे दोन्ही दरवाजे बंद. ज्या बँकेचं कर्ज आहे ती परवानगी देईलच असंही नाही, आणि दिली तर गृहकर्जाचा दर राहणार नाही.

मिस्टरांना एलएलपी बरी वाटण्यामागे दुसरं एक कारण असावं असं मला वाटतं. मर्यादित जबाबदारी. धंदा बुडाला तर घरं वाचावीत. ही भीती खोटी नाही. हार्डवेअरच्या धंद्यात उधारी चालते, बांधकामवाला बुडाला की मागे दुकानदारही अडकतो, आणि प्रोप्रायटरच्या देण्यासाठी घरांपर्यंत हात पोहोचू शकतो. पण मग वेगळं काय काढायचं? ज्यात जोखीम आहे ते. जोखीम दुकानात आहे, पर्वरीच्या फ्लॅटमध्ये नाही. तेव्हा कंपनी किंवा एलएलपी करायचीच असेल तर दुकानाची करा, घरं आहेत तिथेच राहू द्या. त्यातही बँक दुकानाच्या कॅश क्रेडिटसाठी तुमची वैयक्तिक हमी मागणारच, आणि बहुतेकदा एखादं घर तारणही. ती सही केलीत की मर्यादित हा शब्द बँकेपुरता कागदावर राहतो. व्यापाऱ्यांच्या देण्यांपुरता मात्र कामी येतो, आणि तुमच्यासारख्यांना तेवढाच हवा असतो.

घरांमधली खरी जोखीम मांद्र्याला आहे. पाहुणा पायरीवरून पडला, शॉर्ट सर्किट झालं, पोहायचा तलाव असला तर विचारूच नका. त्यासाठी कंपनी लागत नाही, विमा लागतो. नुसता आगीचा नव्हे, तिऱ्हाइताला इजा झाल्यास भरपाई देणारा. तोही घर पर्यटकांना देतो हे विमा कंपनीला लेखी सांगून. राहत्या घराचा विमा काढून त्यात पर्यटक ठेवले, तर दावा फेटाळायला त्यांना कारण शोधावं लागत नाही.

मांद्र्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पाच भाड्यांत गुंतागुंतीचं तेच आहे आणि गंमत म्हणजे त्याबद्दल कोणी काहीच सल्ला दिलेला नाही.

पहिलं म्हणजे नोंदणी. पर्यटकांना पैसे घेऊन ठेवायचं तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद हवी. एकच घर असलं तरी. पंचायतीचा दाखला घेतला म्हणजे झालं, असं नाही. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते.

दुसरं म्हणजे जीएसटी. जीएसटीला तुमचं लग्न दिसत नाही. तिथे ५ए नाही, अर्धं-अर्धं नाही. सेवा कोण देतं, करार आणि बिल कोणाच्या नावाने, एवढंच तो बघतो, आणि बघतो पॅनवरून. मिस्टर हार्डवेअरसाठी जीएसटीत नोंदलेले असणारच. मांद्रेचं घर त्यांच्या नावाने चालत असेल, तर १४ लाखांवर पहिल्या रुपयापासून जीएसटी त्यांनी भरायला हवा. खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्याच्या वर १८. वीस लाखांची मर्यादा त्यांना उपयोगाची नाही, ती दुकानाने केव्हाच ओलांडलेली असेल.

पण तुम्हीच लिहिता की बुकिंगपासून चादरींपर्यंत सगळं तुम्ही बघता. मग कागदावरही तसंच असू द्या. पर्यटन खात्याची नोंदणी तुमच्या नावाने, ॲपवरचं खातं तुमच्या पॅनवर, पैसे तुमच्या बँक खात्यात, आणि हा व्यवसाय तुम्ही चालवता याला मिस्टरांची लेखी संमती. तुमची स्वतःची उलाढाल वीस लाखांच्या आत, तेव्हा तुम्हाला जीएसटी नोंदणीची गरज नाही. ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी, यजमान नोंदलेला नसेल तेव्हा, ॲपवालेच भरतात. हे खरंच तुम्ही चालवता म्हणून सांगतोय. मिस्टरांनीच चालवायचं आणि नाव तेवढं बायकोचं, असं असतं तर सांगितलं नसतं. आणि त्या वीस लाखांवर लक्ष ठेवा. त्यात राहत्या घरांचं करमाफ भाडंही मोजलं जातं, म्हणून फ्लॅटचे करार आहेत तसे मिस्टरांच्याच नावाने ठेवा. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही, त्यांना त्याने फरक पडत नाही.

गाळ्याचं मात्र विचारून घ्या. करार मिस्टरांचा असेल, तर ते जीएसटीत नोंदलेले असल्याने त्या २० हजारांवर १८ टक्के लावून बिल द्यायला हवं. भाडेकरू व्यापारी नोंदलेला असेल तर त्याला ते परत मिळतं, तो कुरकुर करणार नाही. आजवर लावलेलंच नसेल तर आधी सीएकडे बसा.

मग संस्था काढण्याजोगी वेळ कधीच येणार नाही का? येईल. मांद्रेचं चांगलं चाललं म्हणून शेजारची दोन-तीन घरंही तुम्ही लोकांसाठी चालवायला घेतलीत, चार माणसं पगारावर ठेवलीत, तर चालवण्याचा धंदा एलएलपीत किंवा कंपनीत टाका. घर तुमचंच राहील, ती संस्था तुमच्याकडून वापराला घेईल आणि वाजवी भाडं देईल. किंवा कुटुंबाबाहेरच्या कोणाबरोबर पैसे घालून एखादी मोठी मालमत्ता घेणार असाल, तर एलएलपीचा करार कामाला येतो: कोणी किती घातले, कोण कधी बाहेर पडू शकतो, किंमत कशी ठरवायची. गोव्यात मित्रामित्रांत घेतलेल्या जागांचे जे तंटे होतात, त्यांतले बरेच या एका करारावाचून झालेले असतात. पण नवरा-बायकोत तो करार कायद्यानेच करून ठेवलाय.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्यानंतर काय? मला वाटतं एजंट येण्याआधी घरात हाच विषय चालू असणार, कंपनी काढली की पुढे भांडण नको, असं कोणाच्या तरी मनात असणार. कंपनी काढली तरी तिचे शेअर तुमच्या सामाईक मालमत्तेतच येतात आणि वारशाचा नियमही त्यांना लागतो. तो असा: एकूण मालमत्तेतली अर्धी तुमची, अर्धी मिस्टरांची. प्रत्येकाच्या अर्ध्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मुलगी आणि मुलगा समान, मृत्युपत्राने तो हलवता येत नाही. उरलेल्याचं तुम्ही हवं ते करू शकता. म्हणजे तुमच्या मृत्युपत्राचा अधिकार सगळ्या मालमत्तेच्या एक चतुर्थांशावर, मिस्टरांच्या मृत्युपत्राचाही तेवढाच. एखादं घर आत्ताच मुलाला बक्षीस दिलंत, तरी पुढे इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीत, ते हिशेबात परत धरलं जाऊ शकतं. ट्रस्ट केला तरी राखीव हिस्सा पुसला जात नाही.

पण या चौकटीत करण्यासारखं बरंच आहे. स्पेशल नोटरीसमोर दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं आणि कोणतं घर कोणाच्या वाट्याला, हे त्यात लिहून ठेवावं, किमती साधारण बरोबरीच्या पडतील असं बघून. पाच घरं आणि दोन मुलं असताना प्रत्येक घरात दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. एक पुण्याला, एक दोह्याला, आणि भाडेकरूला नळ दुरुस्त करून द्यायलाही दोघांची संमती. पुढे जावई-सुनेच्या सह्याही त्यात येऊ शकतात. मुलाचं लग्न व्हायचं आहे, त्याला मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर तो करार लग्नाआधी करायचा असतो, हेही त्याच्या कानावर घाला. निर्णय त्याचा.

आणि कर वाचेल म्हणून पर्वरीचा फ्लॅट आत्ताच त्याच्या नावावर करू नका. तो अनिवासी आहे. भाडेकरूला मग दर महिन्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के कापून सरकारला भरावे लागतील, नंतर मुलाने रिटर्न भरून परतावा मागायचा. नोकरदार भाडेकरू हे ऐकून दुसरा फ्लॅट बघतो.

फोंड्याच्या घराकडे येतो. तुम्ही लिहिलंत, कागद सासऱ्यांच्या नावावर. मिस्टरांना भावंडं आहेत का, ते लिहिलं नाहीत. असतील तर ते घर तुमच्या पाचांत अजून पूर्ण आलेलंच नाही. त्या ८ हजारांतही त्यांचा वाटा आहे, मग आजवर कोणी मागितला नसला तरी. वारस एकमताचे असतील तर सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, करून आणि वाटणीचा दस्त नोंदवून हे सुटतं. नसतील, किंवा कोणी अल्पवयीन असेल, तर कोर्टात इन्व्हेंटरी. एक-चौदाच्या, म्हणजे इथल्या सातबाऱ्याच्या, उताऱ्यावर किंवा शहरातल्या सर्व्हेच्या फॉर्म डीवर नाव लागणं ही शेवटची पायरी. तिथे नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं समजणारे लोक पुष्कळ आहेत, पण ती महसुलाची नोंद आहे. हे काम सासऱ्यांची सगळी मुलं हयात असताना करा. एक पिढी पुढे सरकली की दहा सह्यांच्या तीस होतात, आणि त्यातल्या काही लिस्बनला नाहीतर लंडनला असतात.

राहिलं दोडामार्ग. जागा तिलारीच्या बाजूला असो की बांद्याच्या, ती महाराष्ट्रात. तरी सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ ला ठरवलं आहे की गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाच्या भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला वारशासाठी गोव्याचाच कायदा लागतो. म्हणजे सीमा ओलांडल्याने राखीव हिश्श्याचा नियम सुटत नाही. खरेदीखतात मात्र दोघांची नावं घाला. पेडण्यात एकट्याचं नाव असलं तरी विकताना सब-रजिस्ट्रार बायकोची सही मागतो, कारण त्याला इथला कायदा माहीत असतो. पलीकडच्या सब-रजिस्ट्रारला तुमचं लग्न कोणत्या कायद्याने झालं हे खतावरून कळणार नाही, आणि नाव नसेल तर तुमचा अर्धा हिस्सा तिथे पुढे कोर्टात जाऊन सांगत बसावा लागेल.

कंपनीच्या नावाने घ्यायचा मोह तिथे तर अजिबात नको. सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, आणि तुमची नवी कंपनी शेतकरी ठरणार नाही. गोव्यातही २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर बंदी घातली आहे, तेव्हा दोडामार्ग जमलं नाही म्हणून कोणी पेडण्यातली खाजन-शेती, म्हणजे खाडीकाठची भातशेती, दाखवली तर तिचंही तेच. दलाल म्हणेल, आधी घेऊ, मग बिगरशेती करू. विसार देण्याआधी बिगरशेतीचा आदेश हातात मागा. तो नसेल तर त्याच्याकडून ताजा सातबारा आणि फेरफार घेऊन प्रती या सदराकडे पाठवा. त्यात इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचल्यावर पुढचं सांगतो.